लहान गाडी, मोठी चाकं: थोडक्या पैशांतल्या सुधारणेचा इतिहास



मागच्या भागात आपण जयगडावरच्या जयबाण तोफेबद्दल बोललो. तेव्हा सगळा वेळ नळी आणि दारूगोळ्यातच गेला, चाकांचा विषय राहून गेला. आज तिथूनच सुरुवात करू. सवाई जयसिंगांच्या काळात, १७२० साली ओतलेली ही तोफ सुमारे ५० टनांची आहे. तिच्या गाड्याला साडेचार फूट व्यासाची दोन चाकं आहेत. तोफ हलवायची वेळ आली, तर लावायला आणखी दोन काढती चाकं केली होती. त्यांचा व्यास सुमारे ९ फूट. म्हणजे उभं राहायला एक चाक आणि प्रवासाला दुसरं.

कारण साधं आहे. चाक जितकं मोठं, तितकं ते खड्ड्यात कमी उतरतं आणि दगडावर सहज चढतं. हे सवाई जयसिंगांच्या कारागिरांना माहीत होतं. आपल्या गावाकडच्या सुतारालाही माहीत होतं. आज मात्र लहान मोटारीला 'मोठी चाकं' बसवणाऱ्या पुष्कळांच्या हातून नेमकी हीच गोष्ट निसटते. ती कशी, हे समजून घ्यायला थोडं मागे जावं लागेल.

महाराष्ट्रात चाक किती जुनं आहे? अहिल्यानगर जिल्ह्यात, प्रवरेच्या काठी दायमाबाद आहे. १९७४ साली तिथे ब्राँझच्या चार वस्तू सापडल्या. त्यात एक रथ आहे. दोन बैल जुंपलेले आणि मागे उभा असलेला सारथी. त्या रथापासून परवापरवापर्यंतच्या बैलगाडीपर्यंत एक गोष्ट बदलली नाही: चाक आणि माणूस यांच्यामध्ये धक्का पिणारं काही नव्हतं. तुंबा, आरे, वर लोखंडी धाव, मधून आख, आणि आखावर थेट साटा. तापवून लाल केलेली धाव चाकावर चढवायची, पाणी ओतायचं, लोखंड आकसलं की लाकूड आवळलं जायचं. कारागिरी अव्वल, पण खडबडीत रस्त्याचा हिशेब थेट पाठीच्या कण्यात चुकता व्हायचा. बसणारे खाली कडब्याच्या पेंढ्या टाकायचे. कमी खर्चातलं आपलं पहिलं सस्पेन्शन तेच.

पुढे टांगे आणि बग्ग्या आल्या, त्या पाटे घेऊन. एकावर एक रचलेल्या वाकवलेल्या पोलादी पट्ट्या. लंडनमध्ये ओबडाया इलियट याने १८०४ साली लंबगोल पाट्यांचं पेटंट घेतलं आणि घोडागाडी हलकी झाली. आधी गाडीच्या पोटातून जाणारा जाड लाकडी कणा लागायचा. पाटे आल्यावर त्याची गरज उरली नाही. हे लक्षात ठेवा. स्प्रिंग चांगली झाली की बाकीची गाडी हलकी करता येते, आणि हलकी गाडी स्वस्त पडते.

दुसरा मोठा शोध हवेचा. हवा भरलेल्या टायरचं पहिलं पेटंट रॉबर्ट विल्यम थॉमसन याने १८४५ साली घेतलं, पण तेव्हा ते चाललं नाही. बेलफास्टमध्ये जॉन बॉइड डनलप याने १८८८ साली सायकलसाठी तीच कल्पना पुन्हा आणली आणि ती जगभर गेली. १८९५ मध्ये पॅरिस-बोर्दो-पॅरिस शर्यतीत मिशेलिन बंधूंनी हवेच्या टायरवर मोटार पळवून दाखवली. तेव्हापासून प्रत्येक मोटारीला दोन स्प्रिंगा आहेत, एक पोलादाची आणि एक हवेची. हवेची स्प्रिंग आधी काम करते. लहान खडे, फटी, सांधे ती परस्पर निस्तरते. मोठा खड्डा आला तरच पोलादी स्प्रिंगची पाळी येते.

पण स्प्रिंग दाबली की उसळते, आणि उसळत राहते. तिला शांत करायला तिसरा गडी लागतो. महाराष्ट्रात मेकॅनिक त्याला शॉकअप म्हणतात, इथे जयपुरात शॉकर म्हणतात. नाव फसवं आहे. धक्का पिते ती स्प्रिंग. शॉकअपच्या नळीतलं तेल बारीक भोकांतून जाताना त्या उसळीची ताकद जिरवतं, बस्स.

आता लहान गाडीकडे येऊ. सस्पेन्शनमधल्या उत्तम कल्पना महागड्या, ऐटबाज गाड्यांमधून आल्या असतील, असा आपला समज असतो. इतिहास वेगळं सांगतो.

आज तुमच्या-माझ्या गाडीच्या पुढच्या चाकामागे जो खांबासारखा भाग असतो, स्प्रिंग आणि शॉकअप एकत्र बसवलेला, त्याला मॅकफर्सन स्ट्रट म्हणतात. अर्ल मॅकफर्सन हा अमेरिकन इंजिनिअर. दुसऱ्या महायुद्धानंतर शेवरलेला हजार डॉलरच्या आत बसणारी लहान गाडी हवी होती, आणि त्या कामाचा प्रमुख होता मॅकफर्सन. १९४७ मध्ये कंपनीने तो बेत गुंडाळला. मॅकफर्सन फोर्डमध्ये गेला आणि कल्पना सोबत घेऊन गेला. १९४९-५० च्या सुमारास फोर्डच्या युरोपातल्या गाड्यांमध्ये ती आली. कमी भाग, कमी जागा, कमी पैसे. काटकसरीतून निघालेली ही कल्पना पुढे साऱ्या जगाने उचलली.

फ्रान्समध्ये सित्रोएनची टू-सीव्ही १९४८ साली लोकांसमोर आली. अंड्यांची टोपली घेऊन शेतकऱ्याने नांगरलेल्या शेतातून गाडी न्यावी आणि एकही अंडं फुटू नये, ही तिच्याकडून अपेक्षा. इंग्लंडमध्ये १९५९ साली ॲलेक इसिगोनिसची मिनी आली. तिची चाकं जेमतेम १० इंचांची, कारण आत चार माणसांना जागा हवी होती. एवढ्याशा गाडीत पोलादी स्प्रिंगला जागा कुठून आणायची? ॲलेक्स मोल्टन याने तिथे रबराचे शंकू बसवले.

आता आपल्याकडे. वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली आणि मुंबईत कुर्ल्याला कारखाना उभा राहिला. तिथून फियाट निघाली आणि तिचीच पुढे प्रीमियर पद्मिनी झाली. पुढे कॉईल स्प्रिंग, मागे पाटे, आणि १४ इंची चाकं. अँबॅसेडरची चाकं १५ इंचांची, तिच्याही मागे पाटेच. आज कोणी म्हणतं, 'जुन्या गाड्या खड्ड्यांतून कशा मजेत जायच्या!' त्यामागे जादू नाही. चाक उंच, टायरची भिंत जाड, वेग कमी. मुंबईचे टॅक्सीवाले टपावर सामान लादायचे आणि मागच्या पाट्यांत एक जास्तीचा पाटा घालून घ्यायचे. लादलेली टॅक्सी त्यामुळे बसायची नाही, रिकामी मात्र आदळायची. त्यांचं पोट लादलेल्या टॅक्सीवर होतं, म्हणून त्यांच्यापुरता तो हिशेब बरोबर होता.

मग १४ डिसेंबर १९८३ उजाडला. मारुती ८०० ची पहिली किल्ली इंदिरा गांधींच्या हस्ते दिली गेली. चाकं १२ इंचांची. अँबॅसेडरमधून उतरलेल्या माणसाला ती खेळण्यातली वाटली. पहिल्या मारुतीच्या मागे पाटेच होते. १९८६ च्या नव्या रूपात मागेही कॉईल स्प्रिंग आल्या आणि मागच्या सीटवरच्या लोकांनी सुटकेचा श्वास टाकला. चाक लहान का? लहान चाक हलकं आणि स्वस्त, कमी जागा खाणारं. छोट्या इंजिनाला ते फिरवायला सोपं. म्हणजे ती १२ इंची चाकं कंजूषपणातून आलेली नव्हती. इंजिन, ब्रेक, स्प्रिंग, शॉकअप या सगळ्यांचा मेळ तिच्याशी घातलेला होता.

याच काळात टायरही बदलत होता. आतल्या धाग्यांची रचना बदलून मिशेलिनने १९४६ मध्ये रेडियल टायरचं पेटंट घेतलं होतं. भारतात रेडियल टायर जे. के. टायरने १९७७ मध्ये आणला, आणि त्यांचा कारखाना आमच्या राजस्थानातल्या कांकरोलीचा. जयपूर शहराचंही या गोष्टीत देणं आहे. १९४६ साली इथे नॅशनल बेअरिंग कंपनी निघाली, तिचं एनबीसी हे नाव देशभरच्या मेकॅनिकांना ठाऊक आहे. चाक ज्यावर फिरतं ते बेअरिंग घडवणारं हे शहर आहे, हे हवामहल बघून परतणाऱ्यांना सहसा कळत नाही.

सैन्यातली एक गोष्ट सांगतो, कारण ती या विषयाच्या गाभ्याची आहे. वाळवंटात तैनात असताना वाळूत गाडी रुतली की नवा जवान ॲक्सिलरेटर दाबायचा आणि गाडी आणखी खोल जायची. जुना ड्रायव्हर खाली उतरायचा आणि चारही टायरमधली थोडी थोडी हवा सोडायचा. टायर पसरायचा, वाळूवर त्याचा पाय लांब व्हायचा आणि गाडी निघायची. पक्क्या रस्त्यावर आलं की हवा पुन्हा भरायची, हा नियम तितकाच कडक. खर्च शून्य. जीप असो वा जिप्सी, दोन्हींना चारही बाजूंनी पाटे, पाठीला आराम नाहीच. पण हवा बरोबर असली तर तीच गाडी निम्मी शहाणी व्हायची.

निवृत्तीनंतर मी जयपूरच्या सी-स्कीममध्ये राहतो. जुन्या तटाबाहेर शहर वाढवण्याचं काम गेल्या शतकात झालं. दिवाण मिर्झा इस्माईल यांच्या कारकिर्दीचा, म्हणजे १९४२ ते १९४६ चा, त्यात मोठा वाटा. त्या वाढीतला हा भाग. रुंद रस्ते, स्टॅच्यू सर्कलवर सवाई जयसिंगांचा पुतळा, बंगल्यांच्या जागी आता इमारती. मुख्य रस्ते गुळगुळीत आहेत. छळ होतो तो गल्लीतल्या गतिरोधकांचा. इंडियन रोड्स काँग्रेसच्या शिफारशीप्रमाणे गोलाई असलेला गतिरोधक ३.७ मीटर रुंद आणि १० सेंटिमीटर उंच असावा, म्हणजे ताशी २५ किलोमीटरने सुखरूप ओलांडता येतो. प्रत्यक्षात गल्लीत जे असतं ते उंबरठ्यासारखं अरुंद आणि टोकदार. लहान गाडीची कसोटी तिथेच लागते.

आमच्या मागच्या गल्लीत सांगलीकडचा एक तरुण भाड्याने राहतो. इथे नोकरी करतो. त्याने जुनी अल्टो घेतली, कारण आई-वडील राहायला आले होते आणि आईच्या मणक्याचं दुखणं होतं. दवाखान्यात न्यायचं तरी प्रत्येक गतिरोधकावर माऊली कळवळायची. एक दिवस तो मला म्हणाला, "काका, १५ इंची अलॉय व्हील बघून ठेवलीत. चाकं मोठी झाली की खड्डे लागणार नाहीत ना?"

मी विचारलं, "अरे, चाक मोठं होणार की रिम मोठी होणार?"

तो गप्प झाला. मग आम्ही कागद-पेन्सिल घेऊन बसलो. तुम्हीही घ्या.

त्याच्या गाडीचं मूळ माप १४५/८० आर १२. याचा अर्थ टायरची रुंदी १४५ मिलिमीटर. टायरच्या भिंतीची उंची रुंदीच्या ८० टक्के, म्हणजे ११६ मिलिमीटर. रिम १२ इंचांची. १२ इंच म्हणजे ३०५ मिलिमीटर धरा. त्यात वरची आणि खालची भिंत मिळवा, चाकाचा एकूण व्यास येतो सुमारे ५३७ मिलिमीटर.

आता १५ इंची रिमवर त्याला दाखवलेलं माप होतं १६५/५० आर १५. भिंत ८२.५ मिलिमीटर. एकूण व्यास ५४६. म्हणजे चाक वाढलं फक्त ९ मिलिमीटर, करंगळीच्या जाडीपेक्षा कमी. रबर आणि हवेची गादी मात्र सुमारे ३४ मिलिमीटरने गेली, सव्वा इंचाहून जास्त. जयगडाच्या कारागिरांनी चाक मोठं केलं होतं. हा पोरगा लोखंड मोठं आणि गादी लहान करायला निघाला होता, आणि तेही आईच्या पाठीसाठी. शिवाय रुंद रिम-टायर सहसा वजनदार. स्प्रिंगच्या खालचं वजन वाढलं की खड्ड्यात गेलेलं चाक चटकन वर येत नाही आणि धक्का वर पोचतो.

मग सुधारणा करूच नये का? करावी, पण हिशेबाने. १५५/६५ आर १३ हे माप घ्या. एकूण व्यास ५३२ येतो, मुळापेक्षा एक टक्क्याने कमी. अल्टो के-१० ला कंपनीने स्वतःच हे माप दिलं होतं. टायर थोडा रुंद, वळणावर आणि ब्रेक लावताना पकड थोडी बरी. हायवेवर जास्त फिरणाऱ्याला हे पटेल. पण तेच १३ इंची माप जुन्या मारुती ८०० ला लावाल, तर तिचं मूळ माप १४५/७० आर १२, व्यास ५०८. फरक जवळपास पावणेपाच टक्क्यांचा. स्पीडोमीटर ८० दाखवेल तेव्हा गाडी ८४ च्या आसपास धावत असेल. एकाच घरच्या दोन गाड्या, पण एकीचं औषध दुसरीला चालत नाही.

त्या मुलाला मी म्हटलं, "आधी गाडीला हात लावून बघू." पुढचा कोपरा जोराने दाबून सोडला. गाडी एकदा वर येऊन स्थिरावायला हवी. ती तीनदा डुलली. शॉकअपवर तेलाचे ओघळ. टायरच्या भिंतीवरचे शेवटचे चार आकडे पाहिले. तिथे २३१९ असेल तर २०१९ सालचा तेविसावा आठवडा. त्याचे टायर चांगलेच वयस्कर निघाले, रबर दगडासारखं. कंट्रोल आर्मचे बुश चिरलेले. आणि हवा? ड्रायव्हरच्या दारापाशी कंपनीने लिहिलेल्या आकड्यापेक्षा कितीतरी जास्त. कुणीतरी 'ॲव्हरेज चांगलं मिळतं' म्हणून भरून दिलेली.

मग पैसे कोणत्या क्रमाने खर्च करायचे ते ठरवलं. तो क्रम सांगतो, कारण तो कोणत्याही लहान गाडीला लागू आहे.

पहिलं, हवा. थंड टायरमध्ये, सांगितलेल्या आकड्याइतकी. दुसरं, रबराचे बुश आणि स्ट्रटच्या वरचे माउंट. भाग स्वस्त, मजुरी थोडी जास्त, पण खडखडाट बहुधा इथेच असतो. तिसरं, शॉकअप. एकटा कधी बदलू नये, पुढचे दोन्ही किंवा मागचे दोन्ही. चौथं, टायर मूळ मापाचे, नवे, आणि बसवल्यावर बॅलन्सिंग व अलाइनमेंट. पाचव्या जागी, पैसे उरले आणि गरज असली, तर रिम.

स्प्रिंग शेवटी. ती वाकली किंवा तुटली असेल तर नवी घ्यावी. कापू नये. गाडी खाली बसवून ऐट आणायला काही लोक कॉईलचं एक वेटोळं कापतात किंवा ती तापवतात. वेटोळी कमी झाली की स्प्रिंग जास्त कडक होते आणि तिला दबायला जागाही कमी उरते. तापवली तर पोलादाचं पाणी उतरतं. तसंच गाडी उंच दिसावी म्हणून वेटोळ्यांमध्ये रबराचे ठोकळे खुपसणं. तिथली वेटोळी हलायची थांबतात आणि बाकीच्यांवर ताण येतो.

कायद्याचंही सांगतो. मोटार वाहन कायदा, १९८८, कलम ५२. कंपनीने दिलेल्या मूळ तपशिलांपेक्षा वेगळे बदल गाडीत करता येत नाहीत, असं सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये या कलमावरच्या निकालात स्पष्ट केलं. फेंडरबाहेर डोकावणारी चाकं आणि कापलेल्या स्प्रिंगा घेऊन फिरणाऱ्याने अपघातानंतर विम्याच्या टेबलावर काय उत्तर द्यायचं, याचा विचार आधी करावा. मापात बदल करायचाच, तर कंपनीने आपल्या मॉडेलला मान्य केलेल्या मापांच्या आत राहावं.

त्या मुलाने १२ इंची चाकंच ठेवली. बुश, चारही शॉकअप, मूळ मापाचे चार टायर. १५ इंची अलॉयच्या संचाला जे पैसे लागणार होते, त्यात हे सगळं बसलं आणि थोडे उरलेही. पुढच्या महिन्यात त्याची आई आमच्याकडे हळदीकुंकवाला आली. हिने पाठीची चौकशी केली. त्या म्हणाल्या, "दुखणं आहेच हो. पण आता दवाखान्यात पोचेपर्यंत तरी वाढत नाही." गाडीकडून एवढंच मागणं होतं.

शेवटी नॅनोबद्दल बोललंच पाहिजे. १० जानेवारी २००८ ला रतन टाटांनी ती दाखवली तेव्हा सगळ्यांचं लक्ष एक लाखाच्या आकड्यावर होतं. पुण्याच्या इंजिनिअरांनी तिच्या चाकांत काय केलं, ते कमी जणांनी पाहिलं. रिम १२ इंची, प्रत्येक चाकाला तीनच नट. पुढचे टायर १३५ मिलिमीटर रुंदीचे, मागचे १५५ चे, कारण इंजिन मागे आणि वजनही मागे. जिथे भार तिथे रबर, जिथे गरज नाही तिथे एक नटही जास्त नाही. नॅनो बाजारात का टिकली नाही, त्याची कारणं वेगळी आहेत, ती पुन्हा कधीतरी. पण कमी पैशांत विचार कसा करायचा, हे तिच्या चाकांपाशी उकिडवं बसून शिकण्यासारखं आहे.

इलियटचे पाटे, मॅकफर्सनचा खांब, मोल्टनचं रबर, नॅनोचे तीन नट. यांतली प्रत्येक सुधारणा 'भार किती, रस्ता कसा, पैसे किती' हे विचारून झाली. गाडी दिसते कशी, हा प्रश्न नंतरचा. तुमच्या गाडीसाठी दुकानात जाण्याआधी हेच तीन प्रश्न कागदावर लिहा. मागच्या सीटवर कोण बसतं, तेही लिहा.

पुढच्या भागात चाकाखालच्या रस्त्याकडे वळू. १९४३ साली देशभरचे मुख्य अभियंते नागपुरात जमले आणि त्यांनी रस्त्यांचा २० वर्षांचा आराखडा केला. त्याची गोष्ट सांगेन. तोवर उद्या सकाळी, गाडी थंड असताना, टायरची हवा तेवढी तपासून घ्या.

जय हिंद.